टॅबविषयी एक दुरुस्ती

जानेवारी २०१५ मध्ये आमच्या तालुक्याच्या विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात 'शाळेत टॅब हवा का?' या विषयावर मला बोलायला सांगितले होते. मी वीस मिनिटे बोलले आणि टॅबला पार निकालात काढले. 'टॅब म्हणजे काचेआडचे गाईड' हे माझे वाक्य तर मंडळींना इतके आवडले की पुढची दोन-तीन वर्षे कुणी ना कुणी ते मलाच ऐकवत असे. टाळ्या मिळाल्या, चहा झाला, आणि आमच्या शाळेला देणगीत मिळालेले वीस टॅब प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात होते तिथेच राहिले. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

आज ते मत माझे राहिलेले नाही. नुसते मत बदलले एवढेच सांगायचे असते तर त्यासाठी लेख लिहायची गरज नव्हती. पण ते मत आधी कशाच्या आधारावर बनले होते, त्यात बरोबर काय होते, चुकले कुठे आणि कशामुळे ते बदलले, हे शिक्षक मित्रांपुढे मांडावेसे वाटते. टॅब घ्यावेत की नाही हा प्रश्न आता बहुतेक शाळांच्या दाराशी येऊन उभा आहे. त्यावर ठासून बोलणारे एक तर विकणारे असतात, नाही तर २०१५ सालच्या माझ्यासारखे.

आधी माझी त्या वेळची बाजू सांगते, कारण ती अगदीच पोकळ नव्हती.

टॅब मी पहिल्यांदा हातात घेतला तो २०१२ साली, एका प्रशिक्षण वर्गात. तो 'आकाश' होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्र सरकारने तो मोठ्या गाजावाजाने देशापुढे आणला होता. किंमत सुमारे ५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या अडीच हजार रुपयांच्या आत. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ एमबी स्मृती. योजना होती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, पण शाळांमध्येही त्याची चर्चा जोरात होती. मी पडद्यावर बोट टेकवले, काही झाले नाही. पुन्हा टेकवले. शेजारचे सर म्हणाले, "बाई, नखाने दाबा." नखाने दाबल्यावर थोड्या वेळाने एक चित्र उघडले, पण मला हवे होते ते नव्हे, त्याच्या शेजारचे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्पर्शाने चालणारे पडदे मुख्यतः दोन तत्त्वांवर काम करतात. पहिल्या प्रकारात दोन पातळ वीजवाहक थर एकमेकांपासून किंचित अंतरावर ठेवलेले असतात. वरून दाबले की ते एका जागी टेकतात आणि तिथल्या रोधावरून ती जागा ठरवली जाते. तिथे महत्त्व दाबाला असते, त्यामुळे नख चालते, पेन्सिलीचे टोक चालते, हातमोजा घातलेले बोटही चालते. पहिल्या आकाशचा पडदा या प्रकारचा होता. दुसऱ्या प्रकारात काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक पण वीजवाहक पदार्थाच्या अतिशय पातळ पट्ट्यांची जाळी असते. आडव्या आणि उभ्या पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे प्रत्येक ठिकाणी एक चिमुकले धारित्र तयार होते. आपले शरीर वीजवाहक आहे. बोट जवळ आले की त्या जागेची धारिता किंचित बदलते आणि बदल कुठल्या छेदावर झाला हे टॅब ओळखतो. इथे दाबण्याची गरजच नाही. वर्गात करून पाहा : पेनाच्या प्लॅस्टिकच्या टोपणाने असा पडदा हलत नाही, पण हातात धरलेला काकडीचा तुकडा टेकवला तर हलतो. आणि पावसात भिजलेल्या हातांनी मुले टॅब वापरू लागली की तो वेड्यासारखा वागतो, कारण पाणीही धारितेत बदल घडवते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली तयार झालेला 'आकाश-२' आला तेव्हा त्याचा पडदा दुसऱ्या प्रकारचा होता, प्रक्रियकही जवळजवळ तिपटीने वेगवान होता. मी मात्र त्याकडे पाहिलेही नाही. माझे मत एका दुपारी, एका नखाने बनले होते. मुलांनी एकदाच मोजून निष्कर्ष काढला तर मी वहीत लाल शेरा मारते, हे इथे नमूद करून ठेवते.

२०१३ मध्ये आमच्या शाळेला वीस टॅब मिळाले. ते चांगले होते, पण त्यांत काय होते? पाठ्यपुस्तकाच्या पानांची छायाचित्रे. एक ओळ वाचायची तर दोन बोटांनी पान मोठे करायचे आणि मग डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचे. पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या काही चित्रफिती. आणि 'योग्य पर्याय निवडा' छापाचे शेकडो प्रश्न, ज्यांत मुलगा चारही पर्याय एकामागून एक दाबतो आणि टॅब त्याला शाबासकी देतो. वर्गात विजेची दोन बटणे, त्यातले एक पंख्याचे. 'दप्तराचे ओझे कमी होईल' असे सांगितले जाई. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हाही हाच मुद्दा पुढे होता. माझे म्हणणे असे होते की पुस्तकाचे ओझे पाठीवरून उतरवून डोळ्यांवर ठेवले तर त्यात मुलाचा फायदा काय?

भाषणासाठी मी वाचनही केले होते. पेरू देशात सरकारने ग्रामीण मुलांना लाखोंच्या संख्येने स्वस्त संगणक दिले. ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषा या विषयांत मुलांची काहीच प्रगती दिसली नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची प्रचंड योजना सुरू केली. मुलांनी काही दिवसांतच त्यावरचे निर्बंध काढून टाकले, पुढे खरेदीच्या व्यवहाराबद्दल संशय आला आणि २०१४ च्या अखेरीस योजना गुंडाळली गेली. या दोन्ही गोष्टी मी व्यासपीठावरून रंगवून सांगितल्या. पेरूतले संगणक टॅब नव्हते, साधे लॅपटॉप होते, हे मला ठाऊक होते. ते मी सांगितले नाही. त्याच अभ्यासात मुलांच्या सर्वसाधारण विचारक्षमतेच्या चाचण्यांमध्ये थोडी वाढ दिसली होती, तेही सांगितले नाही. सभेत बोलताना माणूस असा वागतो.

आता २०१७ कडे येऊ. त्या वर्षी नववीत एक मुलगी होती. तिला चष्मा होता, पण दृष्टीच अधू असल्याने चष्म्याने पुरते भागत नव्हते. ती पहिल्या बाकावर बसे आणि तरीही शेजारणीच्या वहीतून उतरवून घेई. तिने कधी तक्रार केली नाही. एकदा मी विचारले तर म्हणाली, "बाई, फळा दिसतो मला. फक्त अक्षरं दिसत नाहीत."

दिवाळीनंतर सहल एका किल्ल्यावर गेली होती. तिने एका सरांचा फोन मागून घेतला, तटबंदीचा फोटो काढला आणि तो मोठा करून पाहत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, वर बुरुजाच्या फटीत पिंपळ उगवलाय." आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या कुणालाच तो दिसला नव्हता, कारण शोधायचा प्रयत्नच कुणी केला नव्हता.

सोमवारी मी कपाट उघडले.

वीसपैकी अकरा टॅब सुरू झाले. उरलेले नऊ रात्रभर विजेला जोडून ठेवले तरी जागे होईनात. ते बिघडले का, याचे उत्तर मला नंतर समजले आणि ते मला टोचणारे आहे. टॅबमधली लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू रिती होत जाते. पूर्ण भरलेल्या घटाचा विभवांतर सुमारे ४.२ व्होल्ट असतो. तो बराच खाली, अडीच-तीन व्होल्टच्या आसपास गेला की आतले संरक्षक परिपथ घट तोडून टाकते. त्याहून खूप खाली गेला तर आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातले तांबे विरघळू लागते. मग असा घट पुन्हा भरणे धोक्याचे ठरते, कारण तेच तांबे आत भलतीकडे साचून घट आतल्या आत जोडला जाऊ शकतो. चार वर्षे कपाटात, एकदाही न भरता ठेवलेले टॅब दुसरे काय करणार? नऊ टॅब कुणाच्या चुकीच्या वापराने गेले नव्हते. ते माझ्या मताने गेले होते.

अकरापैकी एक त्या मुलीला दिला. ती फळ्याचा फोटो काढी, मोठा करी आणि स्वतःच्या हाताने वहीत लिही. शेजारणीची वही तिने मागणे सोडून दिले. या एका उपयोगासाठी कुठल्याही अभ्यासाच्या आकड्यांची मला गरज वाटली नाही, आजही वाटत नाही. पण मी गणित-विज्ञानाची शिक्षिका आहे. एका मुलीवरून साऱ्या वर्गाचे अनुमान काढणे म्हणजे २०१२ ची चूक उलट दिशेने करणे झाले असते.

वर्गाचा प्रश्न सूक्ष्मदर्शकाने सोडवला. आमच्याकडे चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एक आणि नववीची मुले बावन्न. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी लावायची आणि रांग करायची. प्रत्येकाला दहा सेकंद. 'दिसलं का?' 'दिसलं बाई.' अनेक वर्षे मी हे ऐकत आले होते. निम्म्यांना तरी स्वतःच्या पापण्या दिसत असाव्यात, असा माझा संशय होता. त्या मुलीला तर नेत्रिकेला डोळा लावून काहीच दिसेना. तेव्हा तिनेच टॅबचा कॅमेरा नेत्रिकेवर टेकवला. हात हलत होता म्हणून दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी पुठ्ठ्याची नळी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरून टॅब बसेल असे टेकण बनवून आणले. आणि पडद्यावर विटांच्या भिंतीसारख्या पेशी साऱ्या बाकाला एकदम दिसल्या. एका मुलाने बोट ठेवून विचारले, "बाई, हा ठिपका केंद्रक की हवेचा बुडबुडा?" दहा सेकंदांच्या रांगेत हा प्रश्न कधीच आला नव्हता, कारण मी काय पाहते आहे आणि मूल काय पाहते आहे हे दोघांना एकाच वेळी कळायची सोयच नव्हती.

मग तळ्यातून हायड्रिला आणली. तिच्या पानाच्या पेशींत हरितलवके पेशीच्या कडेने सरकत फिरताना दिसतात. पेशीद्रव वाहतो आणि त्याबरोबर तीही जातात. पुस्तकात पेशी छापलेली असते, म्हणून ती थांबलेली वाटते. इथे ती हलत होती. मुलांनी चित्रफीत घेतली आणि थांबवत थांबवत, एका हरितलवकाला पेशीची लांब बाजू ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोजले. दिव्याची ऊब वाढली की वेग बदलतो का, हे एका गटाने आपणहून पाहिले. उत्तर नीट आले नाही. पण प्रश्न माझा नव्हता, त्यांचा होता.

ज्या प्रयोगाने माझा उरलासुरला विरोध मोडला तो ध्वनीचा. २०१८ मध्ये एका तरुण सहकाऱ्याने टॅबवर 'फायफॉक्स' नावाचे मोफत साधन घातले. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने ते २०१६ मध्ये उपलब्ध करून दिले. फोन-टॅबमध्ये असलेला ध्वनिग्राहक, त्वरणमापक, चुंबकीय क्षेत्राचा संवेदक यांची मोजमापे ते सरळ आपल्यापुढे ठेवते. एकदा घातले की इंटरनेट लागत नाही. त्यात आवाजाने सुरू होणारे आणि आवाजानेच थांबणारे घड्याळ आहे.

व्हरांड्यात टेपने मोजून १० मीटर अंतरावर दोन टॅब ठेवले. प्रत्येकाजवळ एक मूल. पहिल्याने टाळी वाजवली की त्याचे घड्याळ लगेच सुरू होते. दुसऱ्या टॅबचे घड्याळ थोडे उशिरा सुरू होते, कारण आवाजाला १० मीटर जायला वेळ लागतो. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. त्याचे घड्याळ लगेच थांबते आणि पहिल्याचे उशिरा. म्हणजे पहिले घड्याळ लवकर सुरू होऊन उशिरा थांबले, दुसरे उशिरा सुरू होऊन लवकर थांबले. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला आणि १० मीटर यायला, असा एकूण २० मीटरला लागलेला वेळ. दोन टाळ्यांमध्ये मुलांनी किती वेळ घालवला याला काही महत्त्व नाही, आणि दोन्ही घड्याळे आधी जुळवूनही घ्यावी लागत नाहीत. मुलांना हे पटवायला मला फळ्यावर दोन रेघा काढाव्या लागल्या. पण पटले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी चक्क 'वा' म्हणाले.

पहिल्या गटाचे फरक आले ०.०५७, ०.०६१ आणि ०.०५५ सेकंद. सरासरी घेऊन २० मीटरला भागले तर वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर. २५ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४६ मीटर असतो. मुले नाचली. मी त्यांना सांगितले की इतके जुळणे हा योगायोग आहे, नुसते मधले मोजमाप घेतले असते तर ३२८ आले असते. पुढच्या गटाला ३३० च आले. मग त्रुटींची चर्चा झाली. टाळी टॅबच्या मागे त्याच रेषेत वाजवली तर चालते, बाजूला उभे राहून वाजवली तर अंतर चुकते. शेजारच्या वर्गातले पाढे ऐकूनही घड्याळ सुरू होते. हजारांश सेकंदाच्या दोन-तीन घरांनी उत्तर किती हलते, हे कधी नव्हे ते मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसले. मी तीस वर्षे हा वेग फळ्यावर लिहून पाठ करून घेतला होता. मोजला कधीच नव्हता, कारण मोजायला जे साधन लागते ते शाळेत नाही असे मी धरून चालले होते. ते चार वर्षे कपाटात होते.

माझे चुकले ते इथे. टॅबने पुस्तक व्हावे, शिक्षक व्हावे, असे देणारे म्हणत होते. त्या कामात तो नापास झाला, हे माझे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून तो कशाच्याच उपयोगाचा नाही, असे मी म्हटले. परीक्षानळीत भात शिजत नाही म्हणून परीक्षानळी टाकून द्यावी, अशातला हा प्रकार. ज्या गोष्टीत तो उपजतच हुशार आहे, म्हणजे पाहणे, ऐकणे, हालचाल मोजणे आणि ते नोंदवून ठेवणे, त्याची मी परीक्षाच घेतली नव्हती. टॅब विकणाऱ्यांनी जो प्रश्न मांडला तोच मी उलट उत्तर देऊन स्वीकारला होता.

यानंतर मी जुने वाचन पुन्हा काढले आणि नवे केले. त्यातला एक अभ्यास मला सर्वांत उद्बोधक वाटला. गुजरातमधल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत संगणकावरचा तोच कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरला गेला. २००८ च्या या अभ्यासात, जिथे शिक्षकाच्या शिकवण्याचा वेळ कापून मुलांना संगणकापुढे बसवले तिथली मुले मागे पडली. जिथे शाळेच्या वेळेनंतर जादा सराव म्हणून बसवले तिथली पुढे गेली. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, तेव्हा गणितात मोठी प्रगती दिसली. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या अभ्यासात, प्रत्येक मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न देणाऱ्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणिताचे गुण ०.३७ प्रमाण विचलनाने वाढले. शंभर मुलांत बरोबर मध्यावर असलेले मूल सुमारे चौदा जणांच्या पुढे गेले, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण तिथे संगणकाच्या ४५ मिनिटांबरोबर लहान गटात माणसाने शिकवण्याचीही ४५ मिनिटे होती. तेव्हा श्रेय कुणाला किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. जाहिरातींत हे वाक्य सापडत नाही.

शिक्षकच नसेल तिथे काय, असे कुणी विचारेल. टांझानियाच्या टांगा भागात १७० खेड्यांतल्या सुमारे ३,००० मुलांना स्वाहिली भाषेतले कार्यक्रम घातलेले टॅब दिले होते. एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेची ती चाचणी होती आणि तिचा निकाल २०१९ मध्ये लागला. आधी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी ही संख्या निम्म्यावर आली, असा आयोजकांचा आकडा आहे. काहीच नसण्यापेक्षा हे खूप मोठे आहे. तरी निम्मी मुले पंधरा महिन्यांनीही एक शब्द वाचत नव्हती, हेही त्याच आकड्यात आहे.

नव्याने मत बदललेला माणूस जरा जास्तच उत्साही असतो. मीही झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा, ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना आमचे टॅब पाळीपाळीने नेऊन दिले. वाटले, आता प्रयोगशाळाच घरी गेली. देशभरचे चित्र 'असर' च्या पाहणीत दिसते : ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. पण तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. आमचे टॅब तर मुलांच्याच हातात होते. काय झाले? मुलांनी पाठ पाहिले, पर्याय दाबले, शाबासकी मिळवली. प्रयोग एकही झाला नाही. एका मुलाला फोनवर विचारले तर म्हणाला, "बाई, पलीकडे टाळी कोण वाजवणार?" दहा मीटरवर दुसरा टॅब, दुसरे मूल आणि 'त्रुटी कुठे आली' म्हणून भांडणारा तिसरा, हे सगळे मिळून ते साधन होते. एकटा टॅब घरी गेला आणि पुन्हा काचेआडचे गाईड झाला. तेव्हा माझे जुने वाक्य पूर्ण खोटे नव्हते म्हणायचे.

२०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारने छापील पाठ्यपुस्तकांकडे परत वळण्यासाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. त्याच वर्षी युनेस्कोच्या अहवालानेही शिक्षणातले तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर येते आहे, असा प्रश्न केला. तेव्हा माझे जुने श्रोते मला 'बघा, तुमचंच खरं होतं' असे सांगायला आले. पण स्वीडनचा निर्णय मुख्यतः लहान मुलांच्या वाचनाबद्दल आहे आणि त्याच्याशी मी सहमत आहे. आमच्या शाळेतही धडा पुस्तकातच वाचतात. त्या निर्णयावरून हायड्रिलाच्या पानाबद्दल काही ठरत नाही.

माझे काही आक्षेप मात्र अजून कायम आहेत. फोटो मिळतो म्हणून मुले आकृती काढायचे टाळतात, आणि काढताना डोळ्याला जे दिसते ते फोटो काढताना दिसत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे : आधी वहीत पेन्सिलीने आकृती, मग फोटो, मग दोन्ही शेजारी ठेवून काय सुटले ते पाहणे. आलेखाचेही तसेच. टॅब आलेख क्षणात काढून देतो, अक्षावरचे प्रमाण स्वतःच ठरवतो, आणि मग परीक्षेत आलेखकागद पुढे आला की मुले गोंधळतात. लोलकाच्या प्रयोगात मी अजूनही आलेख हातानेच काढून घेते.

दुसरा आक्षेप जरा मुळातला आहे. ॲलन के या संगणकतज्ज्ञाने १९७२ मध्ये लहान मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली, तेव्हा मुलाने त्यावर स्वतः काहीतरी घडवावे हा तिचा गाभा होता. आज हातात आलेले यंत्र दिसायला तसेच आहे, पण त्यावर पाहणे सोपे आणि घडवणे अवघड करून ठेवले आहे. २०१० मध्ये आयपॅड आला त्याच वर्षी, मुलांनी 'स्क्रॅच' मध्ये रचलेले कार्यक्रम त्यावर चालवून दाखवणारे एक साधन कंपनीने आपल्या नियमांवर बोट ठेवून काढून टाकले होते. पुढे २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच-ज्युनिअर' त्याच आयपॅडवर आले. म्हणजे मते कंपन्यांचीही बदलतात. पण दार उघडायचे की नाही हे त्यांच्या हातात राहते. टॅबची बॅटरी बहुधा चिकटवलेली असते, ती बदलणे शाळेच्या आवाक्यातले नसते. आमच्या नऊ टॅबचे काय करायचे, हे कुणी सांगू शकले नाही. शेवटी ते ई-कचरा घेणाऱ्याकडे दिले. त्यातल्या एकाची बॅटरी फुगलेली होती. तिला मुलांना हातही लावू दिला नाही.

या वर्षी शाळेला पुन्हा एक देणगी देऊ केली आहे : चाळीस टॅब. संस्थेच्या चिटणीसांनी माझे मत लेखी मागितले. निवृत्त झाले तरी कपाटाची आठवण त्यांना आहे. मी लिहिले की चाळीस नकोत, आठ पुरेत. चार-पाच मुलांमागे एक, कारण एकाच्या हातात एक आला की बोलणे बंद होते. उरलेल्या पैशांत तीन सूक्ष्मदर्शक, टॅब बसवायची टेकणी, दोन मोजपट्ट्या आणि वर्गात विजेची चार बटणे. देणगीदारांचा निरोप आला की द्यायचे तर चाळीस टॅबच देऊ, दुसऱ्या वस्तू त्यांच्या योजनेत बसत नाहीत.

दोन दिवस विचार केला. २०१५ असते तर 'नकोत' असे लिहून मोकळी झाले असते आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. 'घ्या' असे लिहून दिले आहे. आठ नववीला, आठ दहावीला, चार ज्यांना फळा दिसत नाही त्यांच्यासाठी, उरलेले वीस शेजारच्या दोन शाळांना, त्यांच्या विज्ञान शिक्षकांनी आधी आमच्याकडे येऊन टाळीचा प्रयोग करून पाहिला तर. आणि सोबत एक वेगळा कागद जोडला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब कपाटात जातील ते निम्मी बॅटरी भरून. पुढे दर दोन महिन्यांनी कोणी कोणत्या तारखेला ते तपासून भरायचे, त्याची नावे त्या कागदावर आहेत. पहिले नाव माझे आहे.